कडूनिंबाच्या शेंड्यावरचे हातमोजे

किन्हीराजाच्या आसपास झाडावर चढून पोट भरणारी जी थोडी माणसं आहेत, ती वर्षातून एकदा तरी माझ्या ओट्यावर येऊन बसतात आणि तेच विचारतात, "किसनभाऊ, हातमोजे घालावे का नाई?" दरवेळी सगळी हकिकत सांगायची म्हणजे घसा कोरडा पडतो, आणि अर्धी माणसं शेवट ऐकायच्या आधीच तंबाखू मळत उठून जातात. म्हणून एकदाची लिहून काढतो आहे. गावच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो. तेव्हा उजव्या हाताने लिहीत होतो, आता डाव्याने लिहितो. अक्षराला कोणी नावं ठेवू नयेत.

ज्यांच्या घरात कोणाचा हात किंवा पाय सुजला आहे आणि जे 'पाहू दोन दिवस' म्हणत बसले आहेत, त्यांनी तर हे आधी वाचावं. मीही दोन दिवस पाहत बसलो होतो.

हाताची मिजास

आम्ही दोघे भाऊ. मी थोरला, मारोती माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण अंगाने माझ्या दीडपट. उन्हाळ्यात चिंचा झोडायच्या, आंबे उतरवायचे, बाकीच्या दिवसांत कोणाच्या शेताच्या धुऱ्यावरची, कोणाच्या विहिरीवरची झाडं छाटायची. हे काम बापाने शिकवलं आणि त्याबरोबर एक रीतही शिकवली. चढण्याआधी दोन्ही तळवे बुंध्याला लावून थोडा वेळ गप्प उभं राहायचं. याला आमच्या घरात झाडाची भेट म्हणतात. खाली उभा असलेला विचारतो, "काय म्हनते झाड?" भेट घेणारा सांगतो, "चांगलं हाये," किंवा सांगतो, "आतून पोकळ हाये, दुसरीकडून जाऊ."

यात देवधर्म काही नाही. साल ओली आहे का, आत मुंग्या आहेत का, फांदी वाऱ्याने हलते की कुजल्याने हलते, हे तळव्याला कळतं. मला तर इतकं कळायचं की गावात लोक पैज लावायचे. डोळे बांधून मला झाडाजवळ नेत आणि मी बुंध्याला हात लावून सांगत असे की कोणती फांदी वठलेली आहे. बहुतेक वेळा बरोबर निघे. चुकलो तर झाडच चुकलं असं मी म्हणत असे. एवढी मिजास होती.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या थोडं आधीची गोष्ट. जऊळक्याच्या स्टेशनापासून रेल्वेच्या कडेने तारेचे खांब जातात. त्या तारांवर बाभळी रेलल्या होत्या आणि त्या छाटायचं काम आम्हाला मिळालं. मुकादमाने पहिल्या दिवशी प्रत्येकाला चामड्याच्या हातमोज्यांचा एकेक जोड दिला. मी घालून पाहिला. बोटं माझ्या बोटांपेक्षा पेरभर लांब. माझं बोट कुठं संपतं तेच मला कळेना. मी जोड काढून पोत्यात टाकला.

मारोतीने मात्र घातला, बाभळीत शिरला आणि दुपारी खाली आला तेव्हा त्याच्या हातावर एक ओरखडा नव्हता. खुशीत होता. मला ते सहन झालं नाही.

"काय रे," मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "नव्या नवरीसारखा हात झाकून झाडाले भेटून राह्यला का?"

सगळे हसले. मारोतीही हसला, पण हातमोजे त्याने काढले नाहीत. जेवायला बसताना काढून बाजूला ठेवले. मी उठलो, ते उचलले, फाटकाजवळच्या कडूनिंबावर चढलो आणि अगदी शेंड्याला, जिथे माझ्या वजनानेही फांदी वाकत होती तिथे, सुतळीने बांधून आलो.

"पाहिजे असतीन तं उघड्या हातानं चढ अन् घेऊन ये," मी म्हणालो.

त्या शेंड्यावर मारोतीचं वजन पेलणार नाही हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. त्याने शिदोरी संपवली, हात धुतले आणि उघड्या हातांनी बाभळीत शिरला. संध्याकाळी त्याचे हात रक्ताने माखले होते. मला बरं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

डिंक

तिसऱ्या दिवशी काटा मला लागला. तोडलेली फांदी तारेत अडकली होती, ती ओढायला गेलो आणि मधल्या बोटाच्या मुळाशी तळव्यात काटा घुसला. बाभळीचा पांढरा, जुना, बोटाएवढा. दातांनी ओढून काढला.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. काटा लागला की आम्ही रक्ताचा थेंब पिळून टाकत असू, बाभळीच्या ताज्या वाराच्या जागेवरचा ओला डिंक काढून भोकात भरत असू आणि चिकट लागू नये म्हणून वरून माती चोळत असू. झाड आपली जखम डिंकाने बुजवतं, मग आपली का बुजणार नाही, असा समज. शिवाय लगेच कामाला लागता येई. तो डिंक आपोआप गळून पडेपर्यंत काढायचा नाही, असं बाप सांगत असे. बापाने जन्मभर असंच केलं आणि त्याला काही झालं नाही, म्हणजे रीत चांगली.

मारोती शेजारी उभा होता. मी फेकलेला काटा त्याने उचलून पाहिला.

"भाऊ, याचं टोक नाई. टोक आतच राह्यलं."

"तू तुह्या हाताकडे पाह्य," मी म्हणालो आणि डिंक दाबून भरला.

चौथ्या दिवशी तळहात ठणकत होता आणि सूज मात्र हाताच्या पाठीवर आली होती. मला वाटलं, काटा एकीकडे आणि सूज दुसरीकडे, म्हणजे ही सूज काट्याची नाही. माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की कसलंही कारण चालतं. माझी बायको गोदा निंबाचा पाला उकळून घेऊन आली.

"अवो, हात शेकून घ्या, अन् तो डिंक काढा आधी."

"डिंक आपसूक पडते."

"आपसूक हातबी पडन."

मी तिच्यावर खेकसलो. पुढचे दोन दिवस हात गोधडीखाली ठेवला, कोणाला पाहू दिला नाही. भाकर डाव्या हाताने खाऊ लागलो. मग हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, आणि गोदाने मला न विचारता मारोतीला बोलावलं. त्याने गोधडी ओढली. मनगटापासून वर एक तांबडी रेष कोपराकडे निघाली होती, आत कोणी कुंकवाचं बोट ओढावं तशी. मारोतीने बैल जुंपले. मला त्यानेही काही विचारलं नाही.

जऊळक्याच्या स्टेशनावर जाताना वाटेत फाटकाजवळचा कडूनिंब लागला. शेंड्यावर हातमोजे वाऱ्याने हलत होते. मी पाहिले. मारोतीनेही पाहिले. दोघांनी मान दुसरीकडे केली.

जांभळी रेघ

वाशीमच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. डॉक्टर इकडचे नव्हते, बोलणं पुस्तकी आणि हळू. त्यांनी हात उजेडात धरला आणि तळव्यावरचा काळा खडा नखाने टोकरला.

"हे काय भरलं आहे?"

"डिंक, साहेब. बाभळीचा."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. "घाण आत आणि वरून बूच," एवढंच म्हणाले आणि कंपाउंडरला पाणी उकळायला सांगितलं.

क्लोरोफॉर्म नाकावर धरला तेव्हा गोड वासाने मळमळलं आणि मग काही कळलं नाही. जागा झालो तेव्हा तळवा चिरलेला होता, आत पिवळ्या कापडाची वात घातलेली होती आणि ठणका तसाच होता. डॉक्टरांनी शाईची पेन्सिल घेतली, जिभेवर टेकवून ओली केली आणि माझ्या हातावर, कोपराच्या खाली, तांबडी रेष जिथे संपत होती तिथे एक आडवी रेघ ओढली. जांभळी.

"संध्याकाळी पाच वाजता येतो," ते म्हणाले. "लाली या रेघेच्या खाली राहिली तर ठीक. वर गेली तर हात काढावा लागेल. इथून." त्यांनी कोपराच्या वर बोट ठेवलं. "उशीर केला तर मग तोही काढून उपयोग होणार नाही."

ते गेले. मारोती भिंतीला टेकून उभा होता. गोदाने माझा हात हातात घेतला, रेघेजवळ दोन बोटं आडवी ठेवून काहीतरी पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवला. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

ज्यांनी असा दिवस काढला नाही त्यांना सांगतो, त्या दिवसात घड्याळाशिवाय काही नसतं. दर तासाला पट्टी बांधणारा ड्रेसर घमेल्यात मिठाचं कढत पाणी आणायचा आणि हात मनगटापर्यंत बुडवायचा. मी ओरडू नये म्हणून पदराचा बोळा गोदाने माझ्या दातात दिला होता. पाणी निवलं की हात बाहेर, पुन्हा पट्टी, आणि मग मी रेघेकडे पाहत पडून राहायचो. बारा वाजता लाली रेघेला टेकली होती. एक वाजता तशीच. दोन वाजता मला वाटलं की वर गेली, मग वाटलं नाही गेली, उजेड बदलला.

शेजारच्या खाटेवर युसूफभाई म्हणून एक म्हातारे होते. वाशीमच्या बाजारात घोड्याचे जीन आणि बैलांचे पट्टे शिवायचे. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला होता. मी त्यांच्या पायाकडे पाहायचं टाळत होतो.

"पाह्य ना, पाह्यल्यानं तुले नाई लागत," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "अजीब बात हाये भाई. पाय गेला, पन अंगठ्याले खाज येऊन राह्यली. खाजवू कुठी?"

त्यांना माझं मन रमवायचं होतं. मला मात्र त्यामुळे जास्तच भीती बसली.

तीन वाजता गोदा पाणी आणायला आणि मारोती तिला घागर उचलू लागायला बाहेर गेला. मी हात डोळ्याजवळ आणला. लाली रेघेच्या वर गेली होती. फार नाही, नखभर. पण गेली होती.

मी काय केलं ते सांगतो. डावा अंगठा थुंकीने ओला केला आणि रेघ पुसली. अंगठ्याला लागलेल्या शाईने ती थोडी वर पुन्हा ओढायची, इतकाच विचार होता. शाईची पेन्सिल ओल्याने जास्तच पसरते हे मला कुठलं माहीत. पुसू तेवढी ती जांभळी होत गेली. चार बोटं रुंद पट्टा झाला. मी पुन्हा अंगठा तोंडात घातला, पुन्हा चोळलं. शेवटी रेघ कुठे होती ते मलाच सांगता आलं नसतं.

युसूफभाई सगळं पाहत होते. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

पाच वाजता

डॉक्टर आले. हात पाहिला, मग माझा अंगठा पाहिला, मग माझे ओठ. ओठही जांभळे झाले होते.

"रेघ कोणी पुसली?"

"पाण्यानं गेली, साहेब."

"कुठपर्यंत होती?"

मी कोपराच्या खोलगट जागी बोट ठेवलं. "इथं होती. लाली खालीच हाये."

गोदा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. बाहेरच्या माणसासमोर ती कधी तोंड उघडत नसे. पदर पुढे ओढून ती म्हणाली, "नाई साहेब. तो काळा तीळ हाये ना, त्याच्या दोन बोटं वर होती रेघ. मी सकाळीच मोजून ठेवली. लाली तिच्या वर गेली हाये."

मी तिच्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला ती वैरीण वाटली. दुसरा शब्द नाही.

डॉक्टरांनी तिळावर दोन बोटं ठेवली. काखेत चाचपलं, डोळे पाहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदाच मला सगळं नीट विचारलं. काटा केवढा होता, कोणी काढला, कसा काढला. उत्तर द्यायला मारोती पुढे आला.

"साहेब, काट्याचं टोक आत राह्यलं. मी पाह्यलं होतं."

"हे सकाळी का नाही सांगितलं?"

मारोतीने खाली पाहिलं. सकाळी मी त्याला डोळ्यांनी दाबलं होतं. डॉक्टरांसमोर मला मूर्ख दिसायचं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "आणखी एकदा उघडतो. जास्त खोल. टोक सापडलं तर हात ठेवू. नाही सापडलं तर झोपेतच काढून टाकीन, मग जागं करून विचारणार नाही. दिवे लागायच्या आत ठरवा."

मी मान हलवली. नाही म्हणून.

"भाऊ," मारोती म्हणाला, "हात गेला तं मी चढीन दोघांच्या वाटचं."

"तू हातमोजेवाला," मी म्हणालो. एवढ्या तापातही ते सुचलं. मारोती व्हरांड्यात निघून गेला.

गोदा जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "मांडवात तुमी आले होते. एकटा हात नव्हता आला. अंगठा द्या."

मी दिला. कंपाउंडर कागद आणि शाईची डबी घेऊन उभा होता. माझ्या डाव्या अंगठ्याकडे पाहून म्हणाला, "याला शाई कशाला, आधीच रंगला आहे." कोणी हसलं नाही. मला उचलून नेलं तेव्हा मी उजवी मूठ मिटायचा प्रयत्न केला, शेवटची म्हणून. मिटली नाही.

आहे का

जागा झालो तेव्हा उजवा हात फळीला बांधलेला, वर कापसाचा गठ्ठा आणि त्यावर चादर. मान उचलता येत नव्हती. बोटं दुखत होती. पाचही दुखत होती. आणि त्यानेच मी घामाघूम झालो, कारण युसूफभाईंच्या अंगठ्याला खाज येत होती.

"हाये का?" मी विचारलं.

"हाये," गोदा म्हणाली.

मी विश्वास ठेवला नाही. मला वाटलं ही आता माझी समजूत घालते आहे. मारोती कुठे दिसेना. मी मान वळवून युसूफभाईंकडे पाहिलं.

"भाईजान, तुमी सांगा. हाये का?"

युसूफभाई कोपरावर उठून बसले. "भाई, दुखते म्हनून धरू नको. मलेबी दुखते. तुह्या पट्टीतून अंगठा बाहेर हाये, मले दिसून राह्यला. डाव्या हातानं धर त्याले."

मी डावा हात छातीवरून नेला, चादर बाजूला केली आणि अंगठा पकडला. गरम होता. मी रडलो. चांगला मोठ्याने रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

काट्याचं टोक, ज्वारीच्या दाण्याएवढं, डॉक्टरांनी एका बशीत ठेवून दुसऱ्या दिवशी दाखवलं.

अबोला

दवाखान्यात पंचवीस-सव्वीस दिवस होतो. रोज सकाळी वात बदलायची, त्या पिवळ्या औषधाचा वास अजूनही नाकात आहे. पण चांगलं काही नव्हतं असं नाही. झाडूवाली बाई माझ्या खाटेखालून झाडताना रोज विचारायची, "लाल का पिवळं?" पट्टीवर डाग कसला पडला आहे ते. ज्या दिवशी मी म्हणालो, "काहीच नाई," त्या दिवशी तिने झाडू खाली ठेवून मला हात जोडले. डॉक्टरांनी गोदाला आवारातल्या चिंचेखाली चूल मांडू दिली.

आणि मी गोदाशी बोलत नव्हतो. हात वाचला होता, जीव वाचला होता, तरी बोलत नव्हतो. चारचौघांत तिने मला खोटं पाडलं, हेच डोक्यात घुमत होतं. ती भाकर मोडून वाटीत ठेवायची, मी तिच्याकडे न पाहता खायचो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "नका बोलू. बोलाले जिते हाये, एवढं पुरे."

आठव्या दिवशी डॉक्टर पट्टी सोडताना सहज बोलले. "त्या दिवशी तू दाखवलीस ती जागा मी खरी धरली असती, तर सकाळपर्यंत थांबलो असतो. सकाळी तू राहिला नसतास." ते पुढच्या खाटेकडे गेले.

गोदा वात टाकून द्यायला गेली होती. परत आली तेव्हा मी विचारलं, "काहून सांगतलं तू?"

"मले भेव वाटलं," ती म्हणाली. "तुमचं तोंड जांभळं पाहून भेव वाटलं."

एवढंच. मला काही दुसरंच ऐकायचं होतं, का ते मला माहीत नाही. मी तिचा हात धरला, डाव्या हाताने, आणि धरूनच बसलो. ड्रेसर येऊन गेला तरी सोडला नाही.

पीठ

जखम भरल्यावर बोटं आखडली. डॉक्टरांनी पीठ मळायला सांगितलं, रोज दोन वेळा. मी, चाळीस हात उंच झाडावर चढणारा किसन, चिंचेखाली बसून ज्वारीचं पीठ मळत असे आणि जाणारी-येणारी माणसं पाहत असत. गोदाला मोठी मजा वाटे. "पानी जास्त झालं, सुनबाई," म्हणून ती मला हिणवी.

मधलं बोट आणि शेजारचं, दोन्ही पुरती मिटत नव्हती. ते मी धरून चाललो होतो. खरं दुखणं पुढे एके दिवशी कळलं. तव्यावरची भाकर गोदाने उलटायला सांगितली. मी उजव्या हाताने उलटली आणि तिथेच दाबून धरली. गोदाने माझा हात झटकला तेव्हा जळक्या कातडीचा वास आला. मला काहीच लागलं नव्हतं.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून तळव्यावर कापूस फिरवला, मग सुई टोचली. मी दोन्ही वेळा विचारलं, "सुरू केलं का?"

"स्पर्शाची नस गेली," ते म्हणाले. "टोक तिच्याजवळच होतं. मला दुसरा मार्ग नव्हता."

मी त्यांना दोष देत नाही. पण त्या दिवशी पीठ मळायला बसलो नाही.

माप

युसूफभाईंना मी सगळं सांगितलं होतं, शेंड्यावर टांगलेल्या हातमोज्यांसह. मारोती मला न्यायला आला त्या दिवशी त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"तुह्या भावाचं एक बरोबर होतं," ते त्याला म्हणाले. "ते हातमोजे तुमच्या हाताचे नव्हते. ढिला हातमोजा घालून झाडावर चढशीन तं पडशीन. पन गलत हे, की त्यानं हातमोजाच वाईट समजला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बकरीच्या कातड्याचे शिवून देतो. तळव्याले दुहेरी, बोटाची टोकं उघडी, टाका बाहेरून, मनगटाले पट्टा. बोल, कोनाचं माप घेऊ?"

मी मारोतीचा उजवा हात पकडला आणि युसूफभाईंच्या पुढे केला. तळव्यावर बाभळीचे वण होते, मी उघड्या हातांनी काम करायला लावलं त्या दिवसाचे. युसूफभाईंनी दोऱ्याने माप घेतलं, प्रत्येक बोटाला एक गाठ.

"भाऊ, घालू ना मंग?" मारोतीने विचारलं.

"घाल," मी म्हणालो. त्याच्याकडे पाहून म्हणायला मला थोडा वेळ लागला.

भेट

चैत्रात, निंबाला नवा पाला फुटल्यावर, आम्ही दोघे जऊळक्याच्या फाटकाजवळ गेलो. पलीकडची चिंच छाटायची होती, पण त्याआधी मला ते हातमोजे काढायचे होते. मीच टांगले होते, मीच काढणार.

दोन्ही तळवे कडूनिंबाला लावले. डाव्याला साल खडबडीत लागली, थंड लागली. उजव्याला काही नाही. झाड असो की घराची भिंत, त्याला सारखंच.

"काय म्हनते झाड?" मारोतीने मागून विचारलं.

"चांगलं हाये," मी म्हणालो आणि चढलो.

पुरुषभर उंचीवर उजव्या हाताने खोबणी पकडली. पकडली असं मला दिसलं. वजन टाकलं आणि पाठीवर आदळलो. मारोतीने मला उठवून बसवलं, धूळ झटकली आणि गवतातून एक लांब बांबू काढला. टोकाला विळा बांधलेला होता. तो दोन फांद्या फुटतात त्या दुबेळक्यापर्यंत चढला, तिथून बांबूने सुतळी कापली आणि हातमोजे खाली पडले.

"हे तं तू केव्हाच करू शकत होता," मी म्हणालो.

"तू टांगले होते," तो खाली येत म्हणाला. "तू सांगशीन तवा काढीन म्हनलं."

हातमोजे उन्हाने कडक झाले होते. एकात मुंग्यांनी घर केलं होतं. मी झटकून उजवा हातमोजा चढवला आणि बुंध्यावर ठेवला. मग काढला आणि उघडा तळवा ठेवला. पुन्हा घातला, पुन्हा ठेवला. ज्या हातमोज्यात झाड कळत नाही म्हणून मी जोड शेंड्यावर टांगला होता, तो घातला काय आणि काढला काय, मला काहीच फरक कळत नव्हता. मी तो काढून खाली ठेवला.

"मारोती, मघा मी खोटं बोललो," शेवटी मी म्हणालो. "मले झाडाचं काही कळलं नाई. आता कळनार नाई."

कमरेला खोचलेले युसूफभाईंचे हातमोजे काढून त्याने माझ्या मांडीवर ठेवले, चिंचेकडे गेला आणि दोन्ही उघडे तळवे बुंध्याला लावून उभा राहिला. बाप विचारायचा तसं मी विचारलं, "काय म्हनते झाड?"

त्याने डावा तळवा थोडा वर सरकवला, पुन्हा थांबला.

"चांगलं हाये, भाऊ."

मी उठलो आणि हातमोजे त्याच्या हातात दिले.

"मंग घाल," मी म्हणालो.